मनाच्या अभ्यासात तत्त्वज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ एकत्र नेमकं काय करतात? तत्त्वज्ञ नुसता शेरे मारायलाच असतो का?

शेरे मारायलाच बोलावला तर शेरेच मारणार. प्रयोग उरकल्यावर "जरा निष्कर्षांवर नजर टाका" म्हटलं की हाती फार तर एक परिच्छेद लागतो. तत्त्वज्ञाची खरी गरज पहिल्या सहभागीला बसवण्याआधी असते: कोणता निकाल आला तर आपलं म्हणणं चुकलं, हे ठरवताना.

याचं सगळ्यात चोख उदाहरण 1978 चं. चिंपांझीला दुसऱ्याचं मन कळतं का, असा प्रश्न प्रेमॅक आणि वुडरफ या मानसशास्त्रज्ञांनी मांडला. त्यावरच्या प्रतिक्रियांत डॅनियल डेनेटसह काही तत्त्वज्ञांनी नेमकी खोट काढली. समोरच्याची समजूत खरी असेल, तर परिस्थिती बघूनही त्याच्या वागण्याचा अंदाज बांधता येतो. मग चिंपांझीने मन ओळखलं की परिस्थिती, हे कसं कळणार? म्हणून चाचणीत समोरच्याची समजूत चुकीचीच हवी. विमर आणि पर्नर या मानसशास्त्रज्ञांनी 1983 मध्ये लहान मुलांवर नेमकं तेच केलं. गोष्टीतला मुलगा एका कपाटात चॉकलेट ठेवून बाहेर जातो, मागे आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. परत आल्यावर तो कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं बहुधा चॉकलेट खरंच आहे ते कपाट दाखवतात. साधारण चार-पाच वर्षांपासून मुलं पहिलं कपाट, म्हणजे बरोबर उत्तर, देऊ लागतात. 1985 मध्ये याच धर्तीच्या चाचणीत 20 पैकी 16 स्वमग्न (ऑटिझम असलेली) मुलं चुकली, तर डाउन सिंड्रोम असलेल्या 14 पैकी 12 मुलांनी बरोबर उत्तर दिलं.

ही चाचणी घेताना "आता वस्तू कुठे आहे?" आणि "सुरुवातीला कुठे होती?" हे दोन प्रश्न विचारावेच लागतात. ते चुकले तर मूल गोष्टच विसरलंय, त्याचं मुख्य उत्तर धरू नये. शिवाय "कुठे शोधेल?" याचा अर्थ लहान मूल "कुठे शोधलं तर सापडेल?" असाही घेऊ शकतं. "सगळ्यात आधी कुठे शोधेल?" असं विचारलं की लहान मुलांची बरोबर उत्तरं वाढतात, असं आढळलंय. एका शब्दाने निकाल हलतो, आणि शब्दाच्या अर्थावर अडून बसणं हा तर तत्त्वज्ञाचा धंदाच.

दुसरा प्रकार म्हणजे तत्त्वज्ञाने स्वतःच प्रश्नावली हाती घेणं. जोशुआ नोब या तत्त्वज्ञाने 2003 मध्ये मॅनहॅटनमधल्या एका बागेत 78 जणांना कंपनीच्या अध्यक्षाचा प्रसंग वाचायला दिला. त्याला फक्त नफा हवाय, पर्यावरणाचं काहीही होवो. प्रसंगात पर्यावरणाचं नुकसान झालं तेव्हा 82 टक्के म्हणाले, त्याने ते हेतुपुरस्सर केलं. फायदा झाला तेव्हा 77 टक्के म्हणाले, हेतुपुरस्सर नाही. दोन्ही प्रसंगांत बदल जवळजवळ एका शब्दाचा.

हा प्रयोग मराठीत करायचा तर प्रश्नातला शब्द निवडतानाच घाम फुटेल. "मुद्दाम" म्हटलं की खोडसाळपणाचा वास येतो, "जाणूनबुजून" मध्ये "माहीत असून" आधीच दडलंय, आणि "हेतुपुरस्सर" कोर्टातलं वाटतं. मी तिन्ही शब्दांच्या स्वतंत्र प्रती काढून आधी वीस-तीस जणांवर चाचपणी करायला सांगेन.

बाकी पथ्यं मानसशास्त्रज्ञाने लावायची. एका माणसाला एकच प्रसंग. वाचून कळलं का, हे तपासणारा एक प्रश्न. मध्यम आकाराचा फरक (दोन सरासऱ्यांत अर्ध्या प्रमाण विचलनाचा) पकडायला प्रत्येक गटात किमान 64 जण, छोटा (0.2) असेल तर 393, हे आकडे 5 टक्के सार्थकता पातळी (फरक नसताना तो आहे असं ठरण्याची शक्यता) आणि 80 टक्के शक्ती (फरक असेल तर तो पकडला जाण्याची शक्यता) धरून. गृहीतक आणि विश्लेषणाची रीत आधीच नोंदवून टाका. आणि एकाच प्रसंगावर विसंबू नका, चार-पाच वेगवेगळे घ्या. नाहीतर तुम्ही हेतूबद्दल नाही, त्या अध्यक्षाबद्दलच काहीतरी शोधून काढाल. ज्ञान म्हणजे काय याबद्दलच्या अंतःप्रेरणा (फार विचार न करता सहज वाटणारी मतं) संस्कृतीनुसार बदलतात, असा 2001 चा गाजलेला निष्कर्ष पुढच्या पुनरावृत्त्यांत टिकला नाही, तेव्हा छोट्या नमुन्यावर मोठी इमारत नको.

भांडणं मात्र बहुतेक वेळा वेगळ्याच गोष्टीवरून होतात. तत्त्वज्ञानात एकट्याने लेख लिहायची सवय, मानसशास्त्रात पाच-सहा नावं सहज असतात. नावांचा क्रम आणि कोणत्या विषयाच्या नियतकालिकाला लेख पाठवायचा, हे पहिल्याच बैठकीत लिहून ठेवा.