मोठा टायर टाकायचाय, पण घासायला नको

प्रश्न: दादा, राम राम. माझ्याकडं 2019 ची स्कॉर्पिओ एस 11 आहे, टू व्हील ड्राइव्ह. गाव गेवराईपासून आत, शेवटी सगळा पाणंद रस्ता, पावसाळ्यात लय हाल होतात. कंपनीचे टायर आता संपलेत, साईझ 235/65 आर 17. मित्र म्हणायलाय 265/70 टाक, गाडी उंच दिसती अन् चिखलात अडकत नाही. पण लिफ्ट किट, म्हणजे गाडी उंच करायचं सामान, टाकायची नाही, आईला आताच चढायला त्रास होतो. मग न घासता किती मोठा टायर बसल?
एक वाचक, गेवराई तालुका

उत्तर: राम राम. पहिलं म्हणजे 265/70 डोक्यातून काढून टाका, लिफ्ट नसलेल्या तुमच्या गाडीत तो नीट बसणार नाही. कसं ते बघा. 235 म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, 65 म्हणजे रुंदीच्या 65 टक्के साईडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची, आणि 17 इंची रिम म्हणजे 431.8 मिमी. वरची खालची साईडवॉल धरून तुमचा आताचा टायर साधारण 737 मिमी उंच होतो. 265/70 होतो 803. म्हणजे चाकाच्या मधापासून चारही बाजूंनी 33 मिमी जास्त, आणि रुंदी 30 मिमी जास्त, ती आत 15 बाहेर 15 अशी वाटली जाते. स्टेअरिंग पूर्ण वळवलं की हा टायर मागच्या बाजूला लायनर (चाकावरचं आतलं प्लास्टिकचं आवरण) अन् मडफ्लॅपला लागणार, आतून सस्पेन्शनच्या आर्मजवळ जाणार, आणि पाच माणसं बसवून खड्ड्यात आदळला की वरूनही घासू शकतो.

माझं म्हणणं, 245/65 आर 17 घ्या. तो 750 मिमी होतो, म्हणजे चारही बाजूंनी जेमतेम साडेसहा मिमी वाढ, आणि स्कॉर्पिओ-एनच्या काही मॉडेलांत कंपनीच हा साईझ देते म्हणून बाजारात सहज मिळतो. 255/65 आर 17 पण लोक टाकतात, तो 763 होतो, 13 मिमी वाढ, पण तिथून पुढं प्रत्येक गाडीचं वेगळं असतं, स्प्रिंग बसलेली असली की जागा आधीच कमी झालेली असते.

आता तुम्ही म्हणाल साडेसहा मिलिमीटरनं काय होतंय. खरंय, उंचीत फार काही होत नाही. पण आपल्या मराठवाड्यात टायर निवडताना एक गोष्ट कुणी सांगतच नाही आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती म्हणजे टायर अन् फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) मधली मोकळी जागा ही आपल्याकडं चिखलासाठी असते. काळी माती ओली झाली की फुगते, चिकटते, टायरला थरावर थर चढत जातो. कोरड्या रस्त्यावर बोटभर जागा राहिली म्हणून टायर बसला असं वाटतं, आणि पहिल्याच मोठ्या पावसात त्या बोटभर जागेत माती दाबून बसते, चाक जड फिरायला लागतं, लायनरच्या क्लिपा तुटतात. डोंगरात दगडावर गाडी चालवणाऱ्याचा सल्ला आपल्या पाणंदीला जशाला तसा लागू होत नाही. म्हणून साईझ एकच पायरी वाढवा आणि पैसे चांगल्या ट्रेडवर, म्हणजे टायरच्या नक्षीवर, घाला.

ट्रेड एटी, म्हणजे ऑल टेरेन घ्या. सिएट क्रॉसड्राइव्ह, अपोलो अपटेरा, योकोहामा जिओलँडर, जे तुमच्या साईझमध्ये ताज्या तारखेचं मिळंल ते. साईडवॉलवर चार आकडी तारीख असते, 1425 म्हणजे 2025 चा 14 वा आठवडा. एमटी म्हणजे मड टायर चिखल लवकर झटकतो हे खरं, पण डांबरीवर आवाज करतो, ओल्या रस्त्यावर ब्रेकला कमी पडतो, आणि तुमची गाडी बहुतेक वेळ बीड-संभाजीनगर रोडवरच असणार. आणि एक, एटीचे खांद्याचे ठोकळे जाड असतात, त्यामुळं त्याच साईझचा एटी साध्या टायरपेक्षा थोडा भरदार निघतो, तेवढी जागा हिशोबात धरा.

चारही एकदम बसवू नका. दुकानदाराला सांगून आधी पुढं एकच बसवा. लायनरला अन् मडफ्लॅपला आतून खडू फासा. मग ते चाक उंचवट्यावर चढवा म्हणजे तिकडची स्प्रिंग दबंल, स्टेअरिंग दोन्हीकडं शेवटपर्यंत फिरवा, तसंच वळवून रिव्हर्स पण घ्या, कारण बऱ्याच गाड्या रिव्हर्समध्येच घासतात. मागं माणसं बसवून परत एकदा. खडू पुसला गेला की कुठं लागतंय ते कळतं. मडफ्लॅपला थोडं लागत असलं तर तो सरकवता येतो, पण लोखंडाला, ब्रेकच्या पाईपला किंवा आर्मला लागत असलं तर तो टायर परत द्या, दुकानदार काहीही म्हणो. रिम कंपनीचीच ठेवा. बाहेर निघालेली रिम किंवा स्पेसर (चाक बाहेर काढायची चकती) टाकला की वळताना टायर मोठा घेर घेतो आणि आधी न लागणारा बंपर लागायला लागतो, वरून बेअरिंगवर ताण वेगळाच.

लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, जुन्या टायरवर असंल त्यापेक्षा खाली नको, 104 म्हणजे एका टायरवर 900 किलो, 107 म्हणजे 975. स्टेपनीही त्याच साईझची घ्या, स्कॉर्पिओत ती मागं खाली टांगलेली असते, मोठा टायर तिथं बसतो का ते त्याच दिवशी बघा. जुन्या टायरवर स्पीडोमीटर बरोबर होता असं धरलं, तर तो 100 दाखवील तेव्हा 245/65 वर खरा वेग 102 च्या आसपास असतो, 265/70 वर तो 109 झाला असता. विमा कंपनीला साईझ बदलायच्या आधी लेखी विचारून ठेवा.

आणि आईला घेऊन जायचं असंल तर मोठ्या पावसानंतर वापसा येईपर्यंत त्या पाणंदीत गाडी घालूच नका. टू व्हील ड्राइव्हला तिथं कुठलाच टायर पुरत नाही.

प्रश्न: थार आहे, 255/65 आर 18, साईझ बदलायचा नाही. शेतात जाताना हवा कमी केली तर चालतंय का?
एक वाचक, पाथरी

उत्तर: चालतंय. 20-22 पीएसआयपर्यंत (हवेच्या दाबाचं माप) आणा, त्याखाली नको, जोरात वळलं की टायर रिमवरून निसटू शकतो. चिकट मातीत रेतीएवढा फरक मात्र पडत नाही, ट्रेड मातीनं भरला की पकड गेली, तिथं एका लयीत न थांबता निघणं जास्त कामाला येतं. हवेचा पंप अन् गेज गाडीतच ठेवा आणि डांबरी लागली की दारावरच्या स्टिकरवर लिहिलंय तेवढी हवा भरूनच पुढं निघा. कमी हवेवर समृद्धीला लागलात तर साईडवॉल सारखी दुमडून टायर तापतो आणि वेगात फुटू शकतो.