डॅलसला येण्याआधी अमेरिकेच्या इतिहासाची क्लेप द्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिस्टर एच-१बीवर (नोकरीचा व्हिसा) डॅलसला येणार, तुम्ही एच-४वर (त्यांच्या जोडीदाराचा व्हिसा). नाशिकला बी.एस्सी. दुसऱ्या वर्षात सुटलं, ते इथे पूर्ण करायचंय. अमेरिकेचा इतिहास सक्तीचा आहे असं कळलं, तर क्लेप (कॉलेज बोर्डाची परीक्षा, पास झालं की तो विषय वर्गात न शिकता कॉलेजच्या हिशेबात धरतात) देऊन तो भारतातूनच उरकावा का, आणि जन्मात न शिकलेला हा इतिहास वाचायचा कसा?

क्लेप जरूर द्या, पण इथे येऊन आणि कॉलेज पक्कं झाल्यावर. कुठल्या पेपरचे किती क्रेडिट (पदवीसाठी विषयांचं वजन मोजायची एककं) द्यायचे आणि किती गुणांना, हे प्रत्येक कॉलेज आपलं आपण ठरवतं. आधी कॉलेजच्या अ‍ॅडव्हायझरला (विषय निवडायला मदत करणाऱ्याला) ईमेल करून लेखी उत्तर घ्या, मग पैसे भरा.

टेक्ससच्या सरकारी कॉलेजांत पदवीसाठी अमेरिकेच्या इतिहासाचे ६ क्रेडिट कायद्यानेच लागतात. तुमच्या जुन्या मार्कशीटवरून गणित-रसायनाचे काही क्रेडिट मिळतीलही (विद्यापीठाचं सीलबंद ट्रान्सक्रिप्ट भारतातून निघण्याआधी काढून ठेवा, इथून काढायचं म्हणजे कुणाला तरी हेलपाटे घालायला लावणं आलं), पण हे सहा त्यातून येणार नाहीत. क्लेपचे दोन पेपर आहेत: पहिला वसाहतींपासून १८७७ पर्यंत, दुसरा १८६५ पासून आजपर्यंत. पास झालात की सहसा प्रत्येकी ३ क्रेडिट. ९० मिनिटं, सुमारे १२० प्रश्न, सगळे बहुपर्यायी, निबंध नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. गुण २० ते ८० मध्ये मिळतात आणि बहुतेक ठिकाणी ५० ला पास धरतात. नापास झालात तर त्याच पेपरला तीन महिने थांबावं लागतं. फी शंभर डॉलरच्या आत, वर परीक्षेच्या सेंटरची वेगळी. ‘मॉडर्न स्टेट्स’ नावाची संस्था फुकट ऑनलाइन कोर्स देते, आणि तो पुरा केला की परीक्षेच्या फीचं व्हाउचरही. अटी त्या वेळी बघून घ्या.

आता अभ्यास. आपण शाळेत इतिहास सनावळ्यांवर काढला. इथे नुसत्या सनावर प्रश्न क्वचितच येतो. एखादा उतारा, नकाशा किंवा जुनं व्यंगचित्र देतात आणि हे कुणाचं मत, यामागे कारण काय, असं विचारतात. शिवाय आपल्याला ठाऊक असतं ते १७७६ चं स्वातंत्र्य आणि लिंकन, आणि पहिल्या पेपरचा सुमारे ७० टक्के भाग असतो १७९० ते १८७७ मधला, म्हणजे नेमका आपल्याला कोरा. तिथेच वेळ घाला. मेफ्लॉवर, थँक्सगिव्हिंग वगैरेवर आठवडे घालवू नका.

त्या काळाला एकच दोरा धरा: नवीन प्रदेश जोडला की तिथे गुलामगिरी चालणार का, हा वाद पुन्हा उठतो. १८२० ची मिसूरी तडजोड, १८४६-४८ चं मेक्सिको युद्ध, १८५० ची तडजोड, १८५४ चा कॅन्सस-नेब्रास्का कायदा, १८५७ चा ड्रेड स्कॉट निकाल, १८६० ला लिंकनची निवड, मग यादवी. यातली प्रत्येक गोष्ट आधीच्या गोष्टीमुळे का घडली हे स्वतःला मराठीत सांगता आलं पाहिजे. जॅक्सनचा बँकेशी झगडा, जकातीवरून साउथ कॅरोलायनाचं बंड, चेरोकींची हकालपट्टी, सेनेका फॉल्सची स्त्रियांची परिषद यांचा वेगळा अभ्यास करा, त्यावर प्रश्न हमखास असतात. एक नेहमीचा सापळा: १८६३ च्या मुक्तिजाहीरनाम्याने सगळे गुलाम सुटले नाहीत. तो बंडखोर राज्यांपुरता होता. सगळ्या देशातली गुलामगिरी संपवली ती १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने.

सन लक्षात राहत नसतील तर आपल्याकडच्या खुंट्या वापरा, मला त्यांचाच उपयोग झाला. १७६५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला बंगालची दिवाणी मिळाली, त्याच वर्षी अमेरिकेतल्या वसाहतींवर स्टॅम्प अ‍ॅक्टचा कर. बोस्टनच्या बंदरात १७७३ ला बुडवला तो चहा त्याच कंपनीचा. यॉर्कटाउनला १७८१ मध्ये हरलेला कॉर्नवॉलिस पुढे आपला गव्हर्नर जनरल झाला आणि मराठ्यांना सोबत घेऊन टिपूशी लढला. यादवीत दक्षिणेचा कापूस अडला म्हणून मुंबईत पैशाचा पाऊस पडला, आणि १८६५ ला युद्ध संपताच शेअर बाजार कोसळला. जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली ते साल १८७३, तेव्हा इथे यादवीनंतरची दक्षिणेची पुनर्रचना चालू होती.

वाचायला ओपनस्टॅक्सचं अमेरिकन इतिहासाचं पुस्तक नेटवर फुकट आहे, तेवढं पुरतं. जाडजूड गाइड घ्यायची गरज नाही. कॉलेज बोर्डाचे नमुना प्रश्न मात्र घड्याळ लावून सोडवा. एका प्रश्नाला पाऊण मिनिट मिळतं आणि इंग्रजी उतारे वाचण्यात आपला वेळ जातो.

पासपोर्टवर जे नाव आहे तेच परीक्षेच्या नोंदणीत आणि कॉलेजच्या अर्जात घाला. माहेरचं-सासरचं आणि मधलं नाव यांचा घोळ आपल्या बायकांच्या वाट्याला हमखास येतो, आणि ओळखपत्र जुळलं नाही तर सेंटरवरून परत पाठवतात.

एच-४वर तुम्हाला सेमिस्टरला ठरावीक क्रेडिट घेण्याचं बंधन नाही, सावकाश शिकता येईल. एफ-१वर (विद्यार्थ्यांचा व्हिसा) येणाऱ्या भाच्या-पुतण्यांना मात्र हे जसंच्या तसं सांगू नका. त्यांना पदवीसाठी सेमिस्टरला सहसा १२ क्रेडिट घ्यावेच लागतात आणि क्लेपचे त्यात धरत नाहीत.

इतिहासासारखेच राज्यशास्त्राचेही ६ क्रेडिट टेक्ससमध्ये सक्तीचे आहेत, आणि त्यात टेक्ससची घटनाही येते. क्लेपचा अमेरिकन गव्हर्नमेंटचा पेपर देशाच्या सरकारापुरता आहे. अ‍ॅडव्हायझरला लिहाल तेव्हा टेक्ससच्या भागाचं काय करायचं तेही त्याच ईमेलमध्ये विचारा.