कायदा विचारा : मूल पोलिसांच्या ताब्यात असेल तर

प्रश्न : मुलगा सोळा वर्षांचा, अकरावीत आहे. मोबाइलचोरीच्या प्रकरणात पोलिसांनी त्याला मित्रांसोबत ठाण्यात नेलं. त्यातला एक मित्र वीस वर्षांचा आहे. मुलाला तुरुंगात टाकतील का? मी कोणते कागद नेऊ?
– एक आई, मानेवाडा

उत्तर : ताई, तुरुंगात नाही, आणि ठाण्यातल्या लॉकअपमध्येही नाही. बाल न्याय अधिनियम, 2015 प्रमाणे गुन्ह्याच्या दिवशी ज्याचं वय 18 च्या आत होतं, तो बालकच. त्याला बेडी घालता येत नाही, कबुलीजबाबावर त्याची सही घेता येत नाही. ठाण्यातल्या बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याला भेटायचं आहे असं सांगा. प्रत्येक ठाण्यात असा एक अधिकारी नेमलेला असतो. ताब्यात घेतल्यापासून 24 तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, मुलाला बाल न्याय मंडळापुढे हजर करावं लागतं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांत एक तरी महिला.

साध्या चोरीला कमाल शिक्षा तीन वर्षांची, म्हणून कायद्याच्या भाषेत हा किरकोळ गुन्हा. अशा गुन्ह्यात एरवी एफआयआर होत नाही. स्टेशन डायरीत नोंद होते आणि मुलाच्या पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाकडे जातो. तुमच्या प्रकरणात सज्ञान मित्र सोबत असल्यामुळे एफआयआर होऊ शकतो. तरीही दोघांची प्रकरणं वेगळी चालतात. त्याचं नेहमीच्या कोर्टात, तुमच्या मुलाचं मंडळापुढे. जामिनाचा अर्जही मंडळापुढेच द्यायचा. घाबरलेलं घर ओळखीच्या वकिलाला घेऊन थेट फौजदारी कोर्टात धावतं आणि पहिला दिवस तिथेच वाया जातो.

आता कागद. वय ठरवताना आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीच्या बोर्डाचं प्रमाणपत्र पाहतात. ते नसेल तरच महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तेव्हा हाडांची वैद्यकीय तपासणी, आणि तिचा निष्कर्ष अंदाजाचाच असतो. आधार कार्ड या यादीत नाही. नुसत्या टीसीवरही विसंबू नका. मुलाचं दहावीचं प्रमाणपत्र तुमच्याकडे असणारच, ते मूळ प्रतीसह न्या. शाळेत घालताना तारीख पुढेमागे लिहिली गेली असेल तर वकिलाला आधीच सांगा. सुनावणीत दोन कागदांवर दोन तारखा निघाल्या की वयाचाच वाद उभा राहतो. मित्रांसमोर मोठेपणा म्हणून किंवा भीतीपोटी मुलं ठाण्यात 'एकोणीस' सांगतात, तेही तपासून घ्या.

गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, बालकाला जामीन देणं हाच नियम आहे. तो तीनच कारणांनी नाकारता येतो : सुटल्यावर मूल सराईत गुन्हेगाराच्या संगतीत जाण्याची शक्यता, त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका, किंवा न्यायाचा हेतूच विफल होण्याची भीती. कारण लेखी नोंदवावं लागतं. तुमच्याकडे मोठ्या मित्राच्या संगतीचा मुद्दा निघेल. म्हणून मूल कुठे राहील, कॉलेजला कोण सोडेल, संध्याकाळी घरी कोण असेल हे ठरवूनच जा. काही महिने मामाकडे ठेवणार असाल तर मामांनाच सोबत न्या. 'आम्ही लक्ष ठेवू' एवढ्यानं मंडळाचं समाधान होत नाही. जामिनाची अट सात दिवसांत पुरी करता आली नाही, तर अट बदलण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळापुढे आणावं लागतं, हेही लक्षात ठेवा.

वकील परवडत नसेल तर नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा 15100 वर फोन करा. बालकाला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

यानंतर परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल देतो. आमच्या मते वकिलाच्या युक्तिवादापेक्षा या अहवालाचं वजन जास्त असतं, आणि घरचे लोक नेमके इथेच चुकतात. मुलगा कॉलेज बुडवतो, गांजा ओढतो, घरात भांडणं होतात, हे सगळं झाकलं जातं. मग हजेरीपटावरून ते उघड होतं आणि पालकांवर विश्वासच उरत नाही. खरं सांगा, आणि त्यावर काय करताय तेही सांगा : व्यसनमुक्तीचा केसपेपर, क्लासची पावती, कामावरच्या मालकाचं पत्र.

चौकशी चार महिन्यांत संपवायची असते, फार तर दोन महिने वाढतात. किरकोळ गुन्ह्यात तेवढ्यातही संपली नाही तर ती बंदच होते. दोष सिद्ध झाला तर समज देण्यापासून समुपदेशन, समाजसेवा, पालकांनी भरायचा दंड, देखरेखीखाली घरी सोडणं, ते जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात ठेवणं, इथपर्यंत आदेश होऊ शकतो.

प्रश्न : पुतण्या सतरा वर्षांचा आहे. त्याच्यावर खुनाच्या प्रयत्नाचा आरोप आहे. 'आता मोठ्यांसारखी केस चालणार' असं सगळे म्हणतात.
– वाचक, इंदोरा

उत्तर : वस्तीत काय बोलतात ते सोडा, कलम पाहा. वय 16 पूर्ण आणि गुन्हा 'निर्घृण' असेल, म्हणजे त्याला किमान सात वर्षांची शिक्षा असेल, तरच तो प्रश्न येतो. खुनाच्या प्रयत्नाला कमाल शिक्षा मोठी आहे, पण किमान शिक्षा ठरवलेली नाही. त्यामुळे तो 'गंभीर' गटात मोडतो आणि प्रकरण मंडळाकडेच राहतं. सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये हे स्पष्ट केलं आणि 2021 च्या दुरुस्तीनं ते कायद्यातही आलं.

जखमी व्यक्ती पुढे दगावली तर मात्र कलम खुनाचं होतं. मग मंडळ तीन महिन्यांत प्राथमिक मूल्यांकन करतं : मुलाची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणामांची समज, गुन्ह्याची परिस्थिती. हा खटला नाही. मंडळात बालमानसशास्त्राचा किंवा मनोविकारशास्त्राचा पदवीधर तज्ज्ञ नसेल तर अशा तज्ज्ञांची मदत घ्यावीच लागते, असं सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये सांगितलं आहे. तज्ज्ञांचा अहवाल मागून घ्या. निर्णयाविरुद्ध अपिलाला 30 दिवस असतात. मूल्यांकनानंतर प्रकरण मोठ्यांसारखं चालवायला बाल न्यायालयात, म्हणजे बालकांचे खटले चालवणाऱ्या सत्र न्यायालयात गेलं तरी 21 वर्षांपर्यंत त्याला तुरुंगात पाठवत नाहीत, सुरक्षित स्थानात ठेवतात. फाशी किंवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप देता येत नाही.

प्रश्न : मुलाची केस मंडळात संपली. पण त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरतोय, आणि नोकरीसाठी पोलीस पडताळणी आली आहे.
– एक वडील, हिंगणा रोड

उत्तर : नाव, फोटो, शाळा, पत्ता, ओळख पटेल असं काहीही प्रसारमाध्यमांत देणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. स्क्रीनशॉटमध्ये नंबर आणि तारीख दिसेल असं ठेवा, ठाण्यात लेखी तक्रार द्या, पोच घ्या आणि एक प्रत मंडळालाही द्या. पडताळणीबाबत : संपलेल्या प्रकरणाची नोंद चारित्र्य प्रमाणपत्रासाठी पोलिसांनी उघड करायची नाही, असं बाल न्याय अधिनियमाचं कलम 74 सांगतं. दोष सिद्ध झाला असला तरी कलम 24 मुळे त्याची अपात्रता लागत नाही. अपवाद आहे तो बाल न्यायालयानं निर्घृण गुन्ह्यात दोषी ठरवलेल्या 16 वर्षांवरच्या मुलांचा. पडताळणी अधिकाऱ्याला मंडळाच्या अंतिम आदेशाची प्रमाणित प्रत आणि ही दोन कलमं लिहिलेला अर्ज द्या. तोंडी विनंती करून परत येऊ नका.