‘रझाकारीत’ आणि ‘पुलिस ॲक्शन में’: एकाच सालाची दोन नावं

गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी लिहून काढणाऱ्या धाराशिवकडच्या एका मुलीनं विचारलंय: रझाकार म्हणजे माणूस, मग आज्या ‘रझाकारीत असं झालं’ असं का म्हणतात? मोहल्ल्यातल्या बाया त्याच सालाला, म्हणजे १९४८ ला, ‘पुलिस ॲक्शन’ का म्हणतात? आणि मथळ्यात ‘नरसंहार’ लिहावं की ‘वंशसंहार’?

पहिलं सोपं आहे. सावकाराची सावकारी, तशी रझाकाराची रझाकारी. पुढं पेशवाईचं झालं तेच हिचं झालं, आधी काम आणि मग तो सगळा काळच. मूळ शब्द मात्र सात्त्विक. अरबी ‘रज़ा’ म्हणजे खुशी, संमती. आपले राजी, मर्जी, रजा त्याच घरातले. त्याला फारसी ‘कार’ जोडून झाला आपखुशीनं काम करणारा, स्वयंसेवक. लातुरात वकिली केलेल्या कासिम रझवीच्या सशस्त्र दलानं हैदराबाद संस्थानात जी लूट, जाळपोळ आणि खून केले, त्यांनी हा अर्थ पुसून टाकला. बांगलादेशातही १९७१ पासून हा शब्द शिवीच झालाय.

माझी आज्जी सांगायची, “रझाकारीत दोन रात्री बळदात बसून व्हते.” बळद म्हणजे वाड्याच्या भिंतीतली धान्याची कोठी. ज्वारीच्या धुरळ्यानं लेकरू खोकलं तर बाहेर आवाज जाईल म्हणून तिनं पदराचा बोळा त्याच्या तोंडाशी धरला होता. तारीख तिनं कधी सांगितली नाही. संस्थानाबाहेर बार्शीला पळून गेल्यापासून परत घरी चूल पेटेपर्यंत, एवढी तिची रझाकारी.

आमच्याच गल्लीतल्या चाची म्हणायच्या, “पुलिस ॲक्शन में अब्बा गये, फिर आये नै.” ‘पोलीस ॲक्शन’ हे सरकारी नाव. १३ सप्टेंबर १९४८ ला संस्थानात शिरलं ते भारताचं लष्कर, पण हा देशांतर्गत मामला आहे हे दाखवायला पोलिसांचं नाव दिलं. १७ तारखेला निजाम शरण आला. तो दिवस आपण मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो, आणि पाळावाच. पण त्या दिवसांत आणि त्यानंतर मुसलमानांच्या कत्तली झाल्या. भारत सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं मेलेल्यांचा अंदाज कमीत कमी २७ ते ४० हजार असा दिला. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपले उस्मानाबाद (आताचं धाराशिव) आणि नांदेड होते. हा अहवाल कितीतरी दशकं लोकांसमोर आलाच नाही. चाचींच्या घरात तेवढा हा इंग्रजी शब्द राहिला, आणि त्याचा अर्थ ‘अब्बा गेले ते दिवस’.

आता मथळा. राफाएल लेमकिन या कायदेपंडितानं १९४४ मध्ये ‘जेनोसाइड’ हा जो शब्द घडवला, त्याला मराठीत ‘वंशसंहार’ रुळलाय. डिसेंबर १९४८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात त्याची कसोटी आहे: राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक गट पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याचा हेतू. तो हेतू पुराव्यानिशी मांडणार असाल तरच हा शब्द वापरा. ‘नरसंहार’ म्हणजे मोठ्या प्रमाणावरची हत्या, त्यात हेतूची अट नाही. गावोगावच्या कत्तलींबद्दल लिहिताना मी ‘कत्तल’ लिहीन. दोन्ही घरांत तो समजतो.

सांगणाऱ्याच्या वाक्यात मात्र हात घालू नका. ‘रझाकारीत’चं ‘१९४८ साली’ करू नका, ‘पुलिस ॲक्शन’चं ‘मुक्तिसंग्राम’ करू नका. ‘आये नै’मधला ‘नै’सुद्धा तसाच ठेवा.