वाचक विचारतात : कुटकी, अतिविष, भूर्जपत्र आणि थुनेर

प्रश्न : हिमाचलच्या ट्रेकवरून येताना कुटकीचे एक रोप मुळासकट आणले. चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत कुंडी ठेवली आहे, सकाळचे ऊन मिळते. आता पाने कडेने काळी पडत आहेत. रोप जगवायला काय करावे? (वाचक, विलेपार्ले)

खोटी आशा लावत नाही. हे रोप जगणार नाही. कुटकी ही समुद्रसपाटीपासून साधारण ३,००० ते ४,५०० मीटरवर जंगलात वाढणारी औषधी वनस्पती. तिकडे हिवाळ्यात पाने वाळतात आणि जमिनीलगतचे आडवे खोड काही महिने बर्फाखाली निजून राहते. मुंबईत जानेवारीतसुद्धा रात्रीचा पारा सहसा १६-१७ अंशांच्या खाली जात नाही. रोपाला ती विश्रांती मिळत नाही. उबेमुळे श्वसन वेगाने चालू राहते आणि खोडात साठवलेले अन्न संपत जाते. त्यात दमट हवेत बुरशी धरते. तुमच्याकडची काळी पाने ही बहुधा त्याचीच सुरुवात आहे. कुंडीत बर्फाचे खडे टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. माती तासभर गार होते, मग पाणी साचून मुळे कुजतात. एसीच्या खोलीत गारवा मिळतो, पण पुरेसा उजेड मिळत नाही.

पुढच्या वेळी मात्र रोप उपटू नका. राखीव जंगलातून परवानगीशिवाय वनस्पती काढणे हा गुन्हा आहेच. शिवाय जे आडवे खोड तुम्ही आणले, त्यालाच पुढे नवे फुटवे आले असते. गॅलरीत औषधी वनस्पतीच हवी असेल तर गुळवेल, अडुळसा किंवा शतावरी लावा. मुंबईची हवा त्यांना मानवते.

प्रश्न : माझी मावसबहीण लग्न होऊन उत्तराखंडात चमोलीला गेली. त्यांची २,४०० मीटर उंचीवर दोन नाली जमीन पडीक आहे. कुटकी लावावी असे ते म्हणतात. खरेच परवडेल का, आणि सुरुवात कशी करावी? (वाचक, गोरेगाव)

लागवडीला ही उंची चालेल. त्याहून बरेच खाली गेले की रोप वाढते, पण जोम राहत नाही, आणि ज्या पिक्रोसाइड या कडू औषधी घटकासाठी कुटकी विकत घेतली जाते त्याचे प्रमाणही साधारणपणे उंचीवरच्या मालात जास्त भरते. चमोलीतच घेस गावात कुटकीची शेती होते. पाहुण्यांनी आधी तिथे जाऊन चिखलात हात घालून यावे. वाचून कळत नाही ते तिथे एका फेरीत कळेल.

बियांच्या नादी लागू नका. बी अगदी बारीक असते, मातीत जरा खोल गेले तरी उगवत नाही आणि पहिल्या वर्षी रोपे नाजूक राहतात. आडव्या खोडाचे टोकाकडचे ४ ते ६ सेंटिमीटरचे तुकडे घ्यावेत, प्रत्येकावर दोन-तीन डोळे हवेत. वाळू आणि कुजलेला पाला मिसळलेल्या वाफ्यात, सावलीत, ओल कायम ठेवून लावले की तीन-चार आठवड्यांत मुळे धरतात. मग शेतात ३० × ३० सेंटिमीटर अंतरावर लावावेत. एक नाली म्हणजे साधारण २०० चौरस मीटर, आपल्याकडचे जवळपास दोन गुंठे. हिशेबाने नालीत २,२०० रोपे बसतात, पण पायवाटा आणि चर सोडून २,००० धरा. खत म्हणून चांगले कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत पुरते. कच्चे शेणखत घातले की हुमणी ही मुळे खाणारी अळी येते, हे आपल्या कोकणातल्या शेतकऱ्यालाही माहीत आहे.

पीक बहुतेक वेळा पाण्यामुळे बसते. पावसाळ्यात सपाट वाफ्यात पाणी थांबले की खोड कुजते, म्हणून उतार आणि चर आधी, लागवड नंतर. दुसरे संकट तणाचे. कुटकी जमिनीलगत पसरते, जुलै-ऑगस्टमध्ये गवत तिच्या डोक्यावरून जाते. या दोन महिन्यांत निंदणीला माणसे मिळणार नसतील तर अर्धीच जमीन लावा. तिसरी चूक घाईची. पीक तीन वर्षांचे झाल्यावर, पाने पिवळी पडू लागली की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढावे. दुसऱ्या वर्षी पैशांची निकड म्हणून काढले की वजन कमी भरते आणि पुढच्या लागवडीला तुकडेही पुरत नाहीत. काढताना टोकाकडचे चांगले तुकडे बाजूला ठेवून पुन्हा लावा. बाकीचे धुऊन सावलीत, हवेशीर जागी वाळवा. ओलसर माल पोत्यात भरला की आठवड्यात बुरशी येते.

परवडण्याचे म्हणाल, तर तीन वर्षे एका रुपयाची आवक नाही, हे आधी घरच्यांना सांगा. सोबत बटाटा-राजमा चालू ठेवूनच हे करावे. आणि एक काम पहिल्याच दिवशी करा : शेताची औषधी पीक म्हणून नोंद. गोपेश्वरला राज्याची जडीबुटी शोध व विकास संस्था आहे, तिथे आणि वन खात्याकडे चौकशी करा. लागवडीचा कागद नसेल तर स्वतःच्या शेतातली कुटकीही वाहतुकीत जंगलातून चोरलेली ठरू शकते.

प्रश्न : मी आयुर्वेदाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मशीद बंदरला काष्ठौषधीच्या दुकानांत जटामांसी, कुटकी आणि अतिविष घ्यायला जाते. भेसळ कशी ओळखावी? आणि माल जंगलचा की शेतातला, हे कळते का? (वाचक, डोंबिवली)

आधी अतिविष, कारण तिथे चूक जिवावर बेतू शकते. अतिविषाचा कंद शंकूसारखा, बाहेरून राखाडी, दोन-तीन सेंटिमीटर लांब. कटकन मोडतो आणि आत पांढराशुभ्र, पिठूळ दिसतो. त्याच कुळातल्या वचनागात अकोनिटिन हे विष असते आणि त्याचा कंद बहुधा गडद तपकिरी, काळपट असतो. रंग मात्र साठवणुकीने बदलतो, त्यामुळे नुसत्या रंगावर जाऊ नका. जुने दुकानदार जिभेवर ठेवून पाहतात : अतिविष नुसते कडू लागते, वचनागाने जीभ चुरचुरते आणि बधिर होते. ही परीक्षा तुम्ही करू नका. शंका आली तर माल परत द्या.

जटामांसी म्हणजे लालसर तपकिरी केसांचा झुबका असलेले खोड आणि हातालाही लागून राहणारा जड वास. तगर किंवा भूतकेशीची मुळे तिच्यात मिसळतात. पोत्यात वरचा थर चांगला ठेवायची पद्धत जुनी आहे, म्हणून हात तळापर्यंत घाला. झुबका उलगडून मधले खोड पाहा. केस आहेत पण खोड नाही, असे तुकडे जास्त असतील तर कचरा भरला आहे. कुटकीचे तुकडे बोटाएवढे लांब, पण बरेच बारीक, करड्या-तपकिरी रंगाचे. जुन्या पानांच्या खवल्यांच्या खुणा दिसतात आणि तुकडा ताडकन मोडतो. लवत असेल तर ओल आहे, म्हणजे तुम्ही पाण्याचे पैसे देत आहात. खात्री हवी असेल तर महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एचपीटीएलसी, म्हणजे मालातले घटक वेगळे करून ओळखणारी चाचणी, करून घ्या. वनस्पतीचा पानाफुलांसह नमुना ताडून पाहायचा असेल तर सेंट झेवियर्स महाविद्यालयातले ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, हाताशी आहे.

जंगलचा की शेतातला, हे डोळ्यांना कळत नाही, कागदावरच कळते. बिलावर राज्य आणि लागवडीचा दाखला मागा. गिऱ्हाईक मागत नाही म्हणून व्यापारी ठेवत नाही, हेच मूळ दुखणे आहे. जटामांसीची नोंद धोक्यात आलेल्या प्रजातींच्या जागतिक यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ अशी आहे. जटामांसी आणि कुटकी दोन्ही संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापारावरच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे परदेशी व्यापारावर परवान्याचे बंधन. कुष्ठ ही वनौषधी तर पहिल्याच, अधिक कडक परिशिष्टात आहे. अतिविषाच्या अभावी मुस्ता म्हणजे नागरमोथा घ्यावा, असे परंपरेने सांगितले आहे. तो सखल भागात मुबलक मिळतो. तुमच्या गुरुजनांना विचारा, कुठल्या औषधी मिश्रणात हा बदल चालतो.

प्रश्न : पूजेसाठी भूर्जपत्र घेतले तर झाडाचे नुकसान होते का? (वाचक, गिरगाव)

भूर्जाची बाहेरची कागदासारखी साल आपोआप सुटते. तेवढी घेतली तर झाडाला काही होत नाही. पण विक्रीसाठी सोलणारा माणूस सुटलेल्या पापुद्र्यावर थांबत नाही. आतली जिवंत साल खोडाभोवती पूर्ण कापली गेली की पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत उतरत नाही आणि झाड सावकाश मरते. वृक्षरेषेवरचे, म्हणजे डोंगरात ज्या उंचीपुढे झाडे वाढत नाहीत तिथले, हे झाड फार हळू वाढते. गंगोत्री परिसरात सरपणासाठीही ते बेसुमार तुटले. गिर्यारोहक हर्षवंती बिष्ट यांनी तिथे रोपवाटिका करून भूर्ज पुन्हा लावला. दुकानातले पत्र पडलेल्या सालीचे आहे की सोललेल्या, ते सांगता येत नाही. साध्या कागदावर भागत असेल तर तेच बरे.

प्रश्न : आमचा ठाण्याचा ट्रेकिंग ग्रुप पावसाळ्यात उत्तराखंडला थुनेरच्या बियांचे सीडबॉल टाकायला जाणार आहे. काय काळजी घ्यावी? (वाचक, ठाणे)

बेत रद्द करा आणि तिकिटाचे पैसे स्थानिक रोपवाटिकेला द्या. थुनेर म्हणजे हिमालयातले यू जातीचे झाड. त्याच्या बीला खोल सुप्तावस्था असते, उगवायला दीड-दोन वर्षेही लागतात. तोवर सीडबॉल, म्हणजे बी घातलेला मातीचा गोळा, उंदीर-पाखरांच्या पोटात जातो किंवा वाहून जातो. निसर्गात लाल गर खाऊन पक्षी बी पसरवतात, आणि त्यासाठी नर-मादी झाडे एकाच परिसरात लागतात. तो गर सोडला तर झाडाचे सर्व भाग विषारी आहेत, हेही ग्रुपला सांगून ठेवा.

रोपवाटिकेत काम छाटकलमांवर चालते. १५ ते २० सेंटिमीटरच्या फांदीच्या खालच्या टोकाला मूळ फुटण्याचे संजीवक आयबीए लावून वाळूत, दमट सावलीत ठेवतात. मुळे यायला काही महिने लागतात, आणि रोप डोंगरात लावण्याजोगे व्हायला आणखी दोन-तीन वर्षे. कलमे एकाच झाडाची नकोत. एकाच मादीची हजार कलमे लावली तर सगळ्या माद्याच होतात आणि बी धरत नाही.

या झाडावर संकट आले ते मुख्यतः पॅक्लिटॅक्सेल या कर्करोगाच्या औषधामुळे. आधी ते पॅसिफिक यू या जातभाईच्या सालीतून काढत. पुढे यूच्या पानांतल्या घटकापासून तयार करण्याची रीत सापडली, आणि पाने झाड न मारता घेता येतात. अट एवढीच की फांदी पूर्ण ओरबाडायची नाही आणि त्याच झाडाला दरवर्षी हात लावायचा नाही. पैसे द्याल तेव्हा रोपवाटिकेला दोन प्रश्न विचारा : कलमे किती वेगवेगळ्या झाडांची आहेत, आणि लावल्यावर तीन वर्षे गुरांपासून राखण कोण करणार.