वहिनींचं इंग्रजी आणि टँकरचं पाणी

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

कॅफेतल्या तुझ्या विनोदाच्या कार्यक्रमात तू आमदारांवर आणि त्यांच्या घरच्यांवर जे बोललीस, त्याबद्दल तुझ्या निरोपात दोन प्रश्न होते. ‘ते माझ्यावर केस करू शकतात का?’ आणि ‘मावशी, मी खरंच इतकं वाईट बोलले का?’ पहिला प्रश्न वकिलाला विचारलेला आहे, तो आधी संपवते. दुसऱ्याला जरा वेळ लागेल.

केस कोणीही करू शकतं, ती टिकते का हा मुद्दा वेगळा. अब्रुनुकसानी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे, पूर्वी ती जुन्या दंडसंहितेच्या 499-500 मध्ये होती. हा अदखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे यासाठी पोलीस परस्पर एफआयआर नोंदवून तुला उचलू शकत नाहीत. ज्याची बदनामी झाली त्याने स्वतः मॅजिस्ट्रेटपुढे तक्रार करावी लागते. पंचवीस कार्यकर्ते चौकीत घुसले आणि ‘साहेबांच्या कुटुंबाचा अपमान झाला, आमच्या भावना दुखावल्या’ म्हणाले, तर तेवढ्यासाठी सरसकट कुठलंही कलम नाही. भावनांचं जे कलम आहे ते धार्मिक भावनांचं, आणि त्यातही जाणूनबुजून, दुष्ट हेतूने केलेलं कृत्य लागतं. तेव्हा रात्रीची झोप घालवू नकोस. पण समन्स निघालंच तर शिवाजीनगर कोर्टातल्या तारखा माणसाला निकालाच्या आधीच दमवतात, हेही मी रोज पाहत आलेय.

घटनेच्या 19(1)(अ) ने तुला बोलायचं स्वातंत्र्य दिलंय आणि 19(2) मध्ये त्यावर कोणकोणत्या कारणांसाठी वाजवी निर्बंध घालता येतात त्याची यादी आहे. त्या यादीत बदनामी आहे, चिथावणी आहे, न्यायालयाचा अवमान आहे. कुचकटपणा नाही. असता तर अर्धं पुणं आत गेलं असतं.

पालघरचं प्रकरण घडलं तेव्हा तू शाळेत होतीस. 2012 च्या नोव्हेंबरात, बाळासाहेब ठाकरे गेल्यानंतरच्या बंदबद्दल एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. तिला अटक झाली, आणि त्या ओळींना नुसतं लाइक केलेल्या तिच्या मैत्रिणीलाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66अ हे कलम त्या वेळी हाताशी होतं. कुणाला त्रास झाला, कुणाची गैरसोय झाली, एवढ्यावर तुरुंगात टाकायची त्यात सोय होती. सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 ला श्रेया सिंघल खटल्यात ते मुळासकट काढून टाकलं. आणि 2025 च्या मार्चमध्ये इम्रान प्रतापगढी या खासदारांवर एका कवितेवरून गुजरातेत दाखल झालेला गुन्हा रद्द करताना त्याच न्यायालयाने सांगितलं, की शब्दांचा परिणाम खंबीर आणि धीट माणसाच्या मापाने मोजायचा, ज्याला जिथेतिथे धोका दिसतो अशा माणसाच्या मापाने मोजायचा नाही. हे माप मूळचं आपल्या नागपूरच्या हायकोर्टातलं, न्या. व्हिव्हियन बोस यांनी स्वातंत्र्याच्या आधी घालून दिलेलं.

उद्या खरंच गुन्हा दाखल झाला तर मी काळा कोट चढवून तुझ्या बाजूने उभी राहीन, फी न घेता. ‘मुलीला धडा शिकवा’ म्हणणाऱ्यांशी भांडेन. याचा अर्थ तू जे बोललीस ते मला पटलं असा काढू नकोस.

कर्वे रोडवरच्या त्या कॅफेत मी मागच्या रांगेत होते. तुझी सुरुवात उत्तम होती. ‘आमच्याकडे नळाला पाणी येत नाही, टँकरला येतं, आणि टँकरवर फोटो आमदारांचा. म्हणजे पाणी नाही हे त्यांना माहीत आहे, त्यांनी त्यावर फोटोसकट सही केलीये.’ याला म्हणतात टोला. माझ्या शेजारचे एक गृहस्थ, बहुधा त्याच पक्षाचे, हसू दाबत होते आणि ते दाबलं जात नव्हतं. मग तू वहिनींवर, म्हणजे आमदारांच्या बायकोवर घसरलीस. शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यांनी वाचलेलं इंग्रजी भाषण, ते ‘डेव्हलपमेंट’, ते अडखळणं. आणि त्यानंतर मुलगा. त्याचं तोतरं बोलणं तू चांगलं मिनिटभर करून दाखवलंस.

हशा तिथे मोठा झाला, हे मी नाकारत नाही. पण तो कशाला झाला ते बघ. टँकरवर हसताना त्या लोकांना आपल्याच सोसायटीचं बिल आठवत होतं. आपण मत कुणाला दिलं होतं तेही आठवत होतं. वहिनींच्या इंग्रजीवर हसताना त्यांना काहीच आठवावं लागलं नाही. आणि कर्वे रोडवर बसून एका बाईच्या इंग्रजीला हसणं यात आमदार कुठे आले? त्या बाई मराठी शाळेत शिकल्या, लग्न करून शहरात आल्या आणि चाळिशीनंतर कुणीतरी हातात दिलेला इंग्रजी कागद त्यांनी हिमतीने वाचला. त्या कॅफेतल्या निम्म्या मुलांच्या आयांना तेवढाही वाचता आला नसता. तुझी आई आणि मी एका बाकावर बसून शिकलो, पोरी. आमचा उच्चार तुला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते तूच मला पाठवलंस. आमदार चौकातल्या सभेत टँकरबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. ‘माझ्यावर हवं ते बोला, पण माझ्या लेकराच्या व्यंगावर?’ एवढंच म्हणाले, आणि टाळ्या घेऊन गेले. त्यांना पाण्याचं उत्तर द्यावंच लागलं नाही. पाच वर्षं ज्या प्रश्नापासून ते पळत होते, त्यातून त्यांना तू एका मिनिटात सोडवलंस. मला राग आला तो याचा जास्त.

पुढाऱ्याला गाठता येत नाही म्हणून त्याच्या घरच्यांना गाठायचं, ही खोड आपल्या गावात जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी 1848 मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा लोकांनी त्यांचे वडील गोविंदराव यांच्यावर दबाव आणला आणि मुलाला-सुनेला घराबाहेर काढायला लावलं. शेणगोळे झेलले ते सावित्रीबाईंनी. आगरकरांना जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा बघावी लागली. ती निदान त्यांचीच होती, बायकोची नव्हती.

पण मला तुला सांगायचंय ते न्यायमूर्ती रानड्यांचं. पुनर्विवाहाच्या चळवळीतला एवढा मोठा माणूस, आणि 1873 मध्ये पहिली पत्नी गेल्यावर त्यांनी लग्न केलं ते अकरा वर्षांच्या रमाबाईंशी. स्वतःवर वेळ आली तेव्हा विधवेशी लग्न केलं नाही. वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवली. विरोधकांनी झोडलं, सुधारक मित्रही नाराज झाले. ती टीका रास्त होती का? माझ्या मते शंभर टक्के. घरातली गोष्ट होती, तरीही रास्त होती, कारण माणूस व्यासपीठावर एक सांगत होता आणि घरात दुसरं करत होता. आता रमाबाईंकडे बघ. त्या शिकायला लागल्या, इंग्रजी वाचायला लागल्या, तर घरातल्याच बायकांनी टोमणे मारमारून त्यांना जेरीस आणलं. रानड्यांच्या धोरणाचा राग त्या मुलीच्या इंग्रजीवर निघाला. दीडशे वर्षं होत आली, आपण पुन्हा एका बाईच्या इंग्रजीवरच येऊन थांबलोय.

म्हणजे घर हा विषय कायमचा बंद, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणारे बहुतेकदा पुढाऱ्यांचेच मेहुणे असतात. मॅकॉलेच्या मसुद्यातून आलेल्या 1860 च्या दंडसंहितेत अब्रुनुकसानीला दहा अपवाद होते, ते नव्या संहितेतही आले आहेत. त्यातला दुसरा असा: लोकसेवकाच्या सार्वजनिक कामाबद्दल, आणि त्या कामातून त्याचं चारित्र्य जितकं दिसतं तितक्याबद्दल, सद्भावनेने कोणतंही मत मांडलं तर ती बदनामी नाही. आणि पुढे जोडलंय, ‘त्याहून पुढे नाही’. निवडणूक आयोगाच्या आचारसंहितेतही पहिल्याच भागात हेच आहे. टीका धोरणांवर, कार्यक्रमांवर, मागच्या कामावर करा; सार्वजनिक कामाशी संबंध नसलेल्या खासगी आयुष्यावर करू नका. आता आचारसंहिता कोण पाळतं हा प्रश्न निराळा.

उलट काही ठिकाणी कायद्यानेच पुढाऱ्याच्या घराचं दार तुझ्यासाठी उघडं ठेवलंय आणि तिथे कोणी फिरकत नाही. विधानसभेचा अर्ज भरताना प्रत्येक उमेदवार नमुना 26 मध्ये शपथपत्र देतो. त्यात स्वतःबरोबर जोडीदार आणि अवलंबून असलेली मुलं यांच्या नावावरची जमीन, सदनिका, ठेवी, दागिने, कर्जं, सगळं लिहावं लागतं. 2018 मध्ये ‘लोकप्रहरी’ या संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की जोडीदाराच्या आणि मुलांच्या उत्पन्नाचं साधनही उघड करा. म्हणजे वहिनींचं इंग्रजी तुझ्या कामाचं नाही, पण वहिनींच्या नावावर टेकडीच्या पायथ्याशी भूखंड असला, तर तो तुझ्या कामाचा आहे. भाच्याच्या नावाने टँकरचा ठेका असेल तर तो आहेच आहे. उद्या मुलगा तिकीट घेऊन उभा राहिला, तर घराणेशाहीवर मनसोक्त बोल, त्याने कामाचा कुठला अनुभव घेतलाय ते विचार. त्याचं तोतरेपण तेव्हाही बाजूलाच ठेव.

‘पण तेच घरच्यांना मिरवतात ना!’ हे तुझं म्हणणं मला पटतं. चौकाचौकात फ्लेक्स, त्यावर साहेब, वहिनी, चिरंजीव आणि खाली पासपोर्ट आकाराचे तीस कार्यकर्ते. मग फ्लेक्सवर तुटून पड. परवानगी होती का, फूटपाथ अडवला का, सिग्नल झाकला का? बेकायदा होर्डिंगांबद्दल मुंबई हायकोर्टाने 2017 मध्ये महापालिकांना खडे बोल सुनावलेत, 1995 पासून विद्रूपीकरणाविरुद्ध राज्याचा कायदा आहे, आणि तरी वाढदिवसाला अख्खा चौक रंगतो. यात दहा मिनिटांचा सेट आहे. त्यातल्या मुलाच्या चेहऱ्याला हात लावायची गरज नाही.

‘ते तर आमच्याबद्दल याहून घाण बोलतात.’ बोलतात, माहीत आहे. बाई बोलायला उभी राहिली की तिच्या आईपासून चपलेपर्यंत सगळं काढतात. म्हणून तर तुझ्याकडून मला ही अपेक्षा नव्हती. तमाशातला सोंगाड्या आठव. राजा, प्रधान, कोतवाल, कुणालाही तो सोडत नाही, तोंडावर बोलतो आणि राजाला ते ऐकून घ्यावं लागतं. त्याची सगळी मजा समोर सिंहासन असण्यात आहे. त्या पोरासमोर कुठलं सिंहासन होतं?

एक जाता जाता. ठेक्याबिक्याबद्दल बोलणार असशील तर कागद दोनदा तपास. टिळक आणि आगरकर 1882 मध्ये डोंगरीच्या तुरुंगात गेले ते कोल्हापूरच्या कारभारी बर्व्यांच्या अब्रुनुकसानीपायी. हेतू चांगला होता, पण ज्या पत्रांच्या भरवशावर लिहिलं ती बनावट निघाली. चार महिन्यांची शिक्षा, 101 दिवसांनी सुटका. त्यांच्या मागे उभं राहायला निदान लोक होते. तुझ्यामागे मी एकटी, आणि माझे गुडघे दुखतात.

आता माफीचं. आमदारांची माफी मागू नकोस, टँकरबद्दल तर मुळीच नको. वहिनींना आणि त्या मुलाला मात्र लिही. मुलाला वेगळं लिही, आईच्या चिठ्ठीत शेवटी एक ओळ जोडून नको. ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ हे वाक्य त्यात दिसलं, तर मी चिठ्ठी फाडीन. वकील म्हणून सांगते, लेखी माफी उद्या कोर्टात कबुली म्हणून पुढे येऊ शकते, तेव्हा पाठवण्याआधी मला दाखव. वकील म्हणून माझा सल्ला न लिहिण्याचा असायला हवा, हे मला कळतं. तरी लिही.

व्हिडिओतला तो सगळा भाग काप. टँकरचा ठेव, आणि त्याला शेपूट जोड. त्यासाठी शपथपत्र काढ, आयोगाच्या संकेतस्थळावर सहज मिळतं. स्थावर मालमत्तेचा तक्ता बघताना जोडीदाराच्या रकान्यात खरेदीची तारीख आणि तेव्हाची किंमत असते, त्याच्याच खाली आजचा अंदाजे बाजारभाव. मागच्या निवडणुकीचं शपथपत्रही शेजारी उघडून ठेव. दोन्हींत फरक दिसला तर मला फोन कर, मग बसून लिहू.

आईला नमस्कार सांग.

तुझी,
मावशी