लिफ्टची क्षमता आणि आजींचा जिना

प्रश्न ऐरोलीच्या, स्पर्धा परीक्षेच्या तयारीत असलेल्या एका मुलीचा: अमर्त्य सेन यांच्या ‘केपेबिलिटी’ला मराठीत क्षमता म्हणायचं की सामर्थ्य? आणि सक्षमीकरण, सशक्तीकरण एकच का?

सक्षमीकरणाचं नाव काढू नका. घोडबंदर रोडने जाताना फलकांवर हा शब्द वाचून डोकं उठतं. शिलाई मशीन वाटली, झालं सक्षमीकरण! शिवायला वेळ मिळतो का, घरचे शिवू देतात का, गिऱ्हाईक दारापर्यंत येतं का, हे कोण विचारतो? सेन नेमकं तेच विचारतात. १९७९ साली स्टॅनफर्डच्या व्याख्यानात त्यांनी सवाल टाकला, समता कशाची? नुसत्या वस्तूंची नाही, नुसत्या सुखाचीही नाही. माणसाला काय करता येतं, कसं जगता येतं, त्याची. हीच त्यांची ‘केपेबिलिटी’.

आता क्षमता. धातू क्षम्, म्हणजे सहन करणे. क्षमा त्यातलीच, आणि सगळ्यांचा भार सोसते म्हणून पृथ्वीचंही एक नाव क्षमा. ‘समर्थ’ हा अर्थ संस्कृतातही जुनाच, कबूल. पण मला त्यात ओझंच ऐकू येतं. पटत नसेल तर लिफ्टमधली पाटी वाचा: क्षमता ६ व्यक्ती, ४०८ किलो. सोसायचं किती, एवढंच. सेन तर म्हणतात की पिचलेली माणसं आहे त्यात समाधान मानायला शिकतात, म्हणून त्यांच्या समाधानावरून त्यांचं बरं चाललंय असं ठरवू नका. अशा विचाराला सोसण्याचा शब्द! सामर्थ्यवाल्यांनीही उड्या मारू नयेत. सम् अधिक अर्थ ही फोड देखणी आहे, पण त्या शब्दाला आखाड्यातल्या मातीचा वास येतो.

खरी गंमत नामात नाही, क्रियापदात आहे. आमची लिफ्ट मध्यंतरी अकरा दिवस बंद होती. चौथ्या मजल्यावरच्या आजी पिशवी हातात घेऊन दारातच थांबल्या, म्हणाल्या, “मला जिना उतरवत नाही रे.” शाळेतलं व्याकरण याला ‘शक्य क्रियापद’ म्हणतं आणि फळा पुसून मोकळं होतं. अहो, त्या ‘मला’कडे बघा! ‘मी’ नाही, ‘मला’. शक्य होणं हे आजींच्या गुडघ्यात जेवढं, तेवढंच बंद लिफ्टमध्ये. ‘पोहता येणं’ घ्या. मला पोहता येतं, ही अंगातली कला. तरण तलाव दुरुस्तीला काढला की कला शाबूत, तरी ‘आज पोहता येत नाही’. सेन यांचाच विचार पुढे नेणाऱ्या अमेरिकी तत्त्वज्ञ मार्था नुसबॉम यांना अंगी बाणलेली क्षमता आणि परिस्थितीची जोड मिळालेली क्षमता अशी दोन नावं ठेवावी लागली. (वर माणसाला हव्यातच अशा क्षमतांची दहा कलमांची यादीही केली. सेन अशी कायमची यादी करायला तयार नाहीत. मी त्यांच्या बाजूचा.) आमचं एकटं ‘येणं’ दोन्ही सांभाळतं.

आणि उपास! सेन यांचं लाडकं उदाहरण आहे हे: उपास करणारा आणि उपासमार सोसणारा, पोट दोघांचंही रिकामं, पण पहिल्याला जेवता येत होतं, त्याने जेवायचं नाही असं ठरवलं. मराठीने दोघांना एकाच शब्दात बसवलं आणि दुसऱ्याला मागे फक्त ‘मार’ जोडला. माझा सिद्धान्त असा की हा मार भुकेचा नव्हे, दुसरा पर्याय नसल्याचा. कोशवाल्यांनी खुशाल हसावं. पण मग आपण उपास ‘करतो’, आणि गाडीत अडकून दिवसभर काही मिळालं नाही तर उपास ‘घडतो’, हा भेद कुठून आला ते त्यांनी सांगावं. एकादशी दुप्पट खाशी करणाऱ्याच्या तोंडी ‘घडला’ येत नाही कधी.

परीक्षेत मात्र मुकाट्याने ‘क्षमता’ लिहा, ‘येणं’ लिहून गुण मिळायचे नाहीत. सशक्तीकरणाचं राहिलंच, पुन्हा कधीतरी.